दूरचित्रवाणीचा पडदा केवढा असावा?

(एका शिक्षकाकडून)

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं शाळेंत पालकसभा भरली होती. प्रगतिपुस्तकांवर सह्या झाल्या. कोणाचें गणित कच्चें, कोणाचें अक्षर वाईट, या नेहमींच्या गोष्टी बोलून झाल्या आणि मंडळी उठूं लागली. तेवढ्यांत एक पालक मागें राहिले. रिक्षा चालवून दोन मुलांस शिकविणारे हे गृहस्थ एरवीं फारसे बोलत नाहींत. त्यांनीं खिशांतून घडी घातलेला जाहिरातीचा कागद काढला, आमच्या पुढें उलगडून ठेवला आणि ते म्हणाले, "सर, टीव्ही बत्तीस इंची घ्यावा कीं त्रेचाळीस? पोरगा म्हणतो पंचावन्नच घ्या, हप्त्यावर मिळतो. तुम्ही सांगाल तो घेतों."

आम्ही गणित व मराठी शिकवितों. दूरचित्रवाणीचा संच निवडून देण्याचें काम आमच्या नेमणुकीच्या पत्रांत नाहीं. परंतु विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी काळजी दिसत होती ती पाहतां प्रश्न हंसण्यावारी नेणें आम्हांस बरें वाटलें नाहीं. त्या वेळीं आम्हीं कांहींतरी तुटक उत्तर दिलें. घरीं जातांना वाटेंत तेंच मनांत घोळूं लागलें, आणि आपण त्या माणसाला जें सांगावयास हवें होतें तें सांगितलें नाहीं असें वाटूं लागलें. तें आज येथें सांगतों.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जुन्या चौकोनी पडद्याचा नवा संच आज दुकानांत जाऊन मागितला तर दुकानदार आपणांकडे चमत्कारिक दृष्टीनें पाहील. (चौकोनी हा शब्द लोकांचा. भूमितीच्या तासाला एका पडद्यास चौकोनी व दुसऱ्यास रुंद असें कोणी लिहिलें तर आम्ही गुण कापूं, कारण दोन्ही आयतच आहेत.) रुंद पडद्यानें बाजी मारली, हा वाद संपला, असेंच सर्वांस वाटतें. आमच्या मतें तो संपलेला नाहीं. पडदा रुंद झाला तरी त्यावर जें दिसतें त्यांतलें पुष्कळसें जुन्या मापाचें आहे, आणि ज्या खोलींत तो टांगावयाचा ती खोली तर मुळींच रुंद झालेली नाहीं.

हीं मापें आलीं कोठून? एडिसनच्या प्रयोगशाळेंत डिक्सन नांवाचे एक गृहस्थ होते. त्यांनीं १८९० नंतरच्या दशकाच्या आरंभीं ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर चलच्चित्रासाठीं जी चौकट आंखली ती चार भाग रुंद व तीन भाग उंच. हेंच प्रमाण थोड्याफार फरकानें जगभर रूढ झालें. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' असो कीं प्रभात कंपनीचा १९३६ चा 'संत तुकाराम' असो, चौकट साधारण तीच. पुढें दूरचित्रवाणी जन्मास आली तेव्हां तिनेंही सिनेमाचीच चौकट उचलली. पण घरबसल्या फुकट चित्र दिसूं लागतांच अमेरिकेंत नाटकगृहें व सिनेमागृहें ओस पडूं लागलीं. तेव्हां सिनेमावाल्यांनीं युक्ति काढली, कीं घरांत दिसणार नाहीं एवढें रुंद चित्र दाखवावें. १९५३ सालीं सिनेमास्कोप पद्धतीचा पहिला चित्रपट प्रदर्शित झाला, त्याचें नांव 'द रोब'. वधस्तंभाखालीं शिपायांनीं ज्या झग्यासाठीं चिठ्ठ्या टाकल्या, तो ज्याच्या वांट्यास आला अशा एका रोमी अधिकाऱ्याची ती कल्पित कथा. त्याचा पडदा उंचीच्या अडीचपट रुंद होता. आपल्याकडे गुरुदत्त यांनीं १९५९ सालीं 'कागज के फूल' हा पहिला भारतीय सिनेमास्कोप चित्रपट काढला. म्हणजे दूरचित्रवाणीहून निराळें दिसावें म्हणून सिनेमा रुंद झाला. आणि तीस-चाळीस वर्षांनीं सिनेमासारखें दिसावें म्हणून दूरचित्रवाणी रुंद झाली! जिंकणाऱ्यानें हरलेल्याचा पोशाख चढविल्याचें असें उदाहरण इतिहासांत विरळा.

दूरचित्रवाणीचा हा नवा पोशाख म्हणजे सोळास नऊ हें प्रमाण. १९८० नंतरच्या दशकांत कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्यानें तें सुचविलें. त्यांनीं सारख्याच क्षेत्रफळाचे, पण निरनिराळ्या प्रमाणांचे आयत कागदाचे कापले आणि त्यांचे मध्यबिंदु जुळवून एकावर एक ठेवले. सर्वांस सामावून घेणारा बाहेरचा आयत आणि सर्वांत समाईक असा आंतला आयत, या दोहोंचें प्रमाण सारखेंच आलें, आणि तें सुमारें १.७७ भरलें. नववी-दहावीच्या मुलांनीं हा प्रयोग जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर अवश्य करून पाहावा. ज्यांस कापाकापीचा कंटाळा असेल त्यांनीं १.३३ व २.३५ यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढावें. उत्तर तेंच येईल. तात्पर्य, सोळास नऊ हें माप कोणत्याच चित्रास बरोबर बसणारें नाहीं. तें सर्वांस थोडथोडें अपुरें पडणारें मधलें माप आहे. त्यास आम्ही दोष देत नाहीं. सामाईक विहिरीवरचा पोहरा कोणाच्याच घागरीच्या मापाचा नसतो.

आतां पालकांच्या उपयोगाचा हिशेब. संचाचें जें माप जाहिरातींत मोठ्या आंकड्यांनीं छापतात तें पडद्याच्या कर्णाचें असतें. रुंदीचें नव्हे व उंचीचेंही नव्हे. जुन्या पडद्याची रुंदी ४ व उंची ३, म्हणून कर्ण ५. हा काटकोन त्रिकोण आपल्या ओळखीचाच आहे. तेव्हां २० इंची जुना पडदा १६ इंच रुंद व १२ इंच उंच असे आणि त्याचें क्षेत्रफळ १९२ चौरस इंच भरे. (नळीच्या संचांत कांचेची थोडी कड चौकटीखालीं झांकली जाई, तो बारीक हिशेब येथें सोडून देतों.) रुंद पडद्याची रुंदी १६ व उंची ९ धरली तर कर्ण सुमारें १८.३६ येतो. म्हणून २० इंची रुंद पडदा १७.४ इंच रुंद, पण उंच केवळ ९.८ इंच; क्षेत्रफळ सुमारें १७१ चौरस इंच. आंकडा २० चा २० च राहिला आणि चित्र एक नवमांशानें घटलें. ज्यांनीं २० इंची जुना संच देऊन २४ इंची नवा आणला त्यांच्याही पडद्याची उंची ११.८ इंचच झाली. चार इंचांचे पैसे अधिक मोजून बातम्या सांगणाऱ्या बाईंचा चेहरा पूर्वींपेक्षां लहान दिसूं लागला, असें एका आजोबांनीं आमच्यापाशीं गाऱ्हाणें केलें होतें. घरच्यांस वाटलें, म्हाताऱ्याचे डोळे गेले. डोळे शाबूत होते; हिशेब चुकला होता.

याहून मोठी गोष्ट आहे ती ताणलेल्या चित्राची. तिच्याविषयीं लिहितांना आम्हांस स्वतःची एक चूक सांगावी लागत आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं शाळेंत नवा, मोठा, रुंद पडद्याचा संच आला. त्या वर्षींच्या संमेलनांत जुन्या दिवसांची आठवण म्हणून पूर्वींच्या एका समारंभाची चित्रफीत दाखवावी असें ठरलें. ती फीत जुन्या पद्धतीची, चारास तीन प्रमाणाची. संच चालविण्याचें काम आमच्याकडे होतें. चित्र सुरू झालें तेव्हां दोन्ही बाजूंस काळे पट्टे दिसूं लागले. एवढा मोठा पडदा आणि तो भरत नाहीं, हें कांहीं आम्हांस बरें दिसेना. आम्हीं हातांतल्या यंत्राची एक कळ दाबली व चित्र दोन्हीकडे ताणून पडदा भरून टाकला. पुढच्याच क्षणीं व्यासपीठावर आमचे माजी मुख्याध्यापक दिसूं लागले. हे गृहस्थ हयातींत किती सडपातळ होते हें ज्यांनीं त्यांस पाहिलें आहे त्यांस सांगावयास नको. अंगांतला कोट नेहमीं सैल, गालफडें बसलेलीं, चाल झपाझप. पडद्यावर जे दिसले ते एक गुटगुटीत, आंखूड मानेचे, बुटके गृहस्थ होते. मुलांनीं त्यांस कधीं पाहिलेलें नव्हतें. मुलें हंसलीं. मुलांचा त्यांत कांहीं अपराध नव्हता. परंतु पहिल्या ओळींत त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांनीं थोडा वेळ पडद्याकडे पाहिलें आणि शेजारच्या बाईंस हळूच म्हटलें, "हे ते नव्हेत."

आम्ही जवळच उभे होतों. आम्हांस तें ऐकूं आलें. कळ पुन्हां दाबली. काळे पट्टे परत आले, आणि मध्यें आमचे मुख्याध्यापक जसे होते तसे, सैल कोटांत, प्रार्थनेसाठीं मस्तक लववून उभे असलेले दिसले. सभागृह शांत झालें.

चारास तीन प्रमाणाचें चित्र सोळास नऊच्या पडद्यावर ताणलें म्हणजे प्रत्येक वस्तु एक तृतीयांशानें रुंद होते. वर्तुळाचा लंबगोल होतो. चेंडूचें अंडें होतें. बाईंच्या हातांतली बांगडी परातीसारखी पसरते. हें आपण घरोघर रोज पाहतों आणि आपल्या ध्यानांतही येत नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें. जुनें चित्र जसेंच्या तसें ठेवलें तर पडद्याचा चौथा हिस्सा रिकामा राहतो, डावीकडे एक अष्टमांश व उजवीकडे एक अष्टमांश. तो रिकामा हिस्सा आपणांस खुपतो. पैसे सबंध पडद्याचे दिले, मग सबंध पडदा कां भरूं नये, असा हा विचार आहे. दुसरे कांहीं लोक चित्र ताणीत नाहींत, तर मोठें करून वरखालीं कापतात. तेंही नुकसानच. मग 'संत तुकारामां'तील विष्णुपंत पागनिसांचें पागोटें तरी जातें किंवा पाय तरी जातात, आणि कापलेला भाग उंचीचा सबंध चौथा हिस्सा असतो. ज्या कोणी ती चौकट जुळविली त्यानें डोकें व पाय कोठें यावेत हें विचार करूनच ठरविलें असेल कीं नाहीं? पाहुण्याची टोपी घरांतल्या खुंटीवर मावत नाहीं म्हणून कोणी ती कातरीत नाहीं.

रुंद पडद्याच्या बाजूनें जें बोलण्यासारखें आहे तेंही बोललें पाहिजे. क्रिकेटचा वा कबड्डीचा सामना रुंद पडद्यावरच पाहावा. जुन्या चौकटींत क्षेत्ररक्षक दिसावयाचे नाहींत, चेंडू कोणाकडे गेला तें समालोचकानेंच सांगावें लागे. समुद्र, माळरान, मिरवणूक, आगगाडी, यांसही रुंदी शोभते. मनुष्याचे डोळे शेजारीं शेजारीं आहेत, एकावर एक नाहींत, म्हणून रुंद चित्र स्वाभाविक, असें विक्रेते सांगतात. यावर आम्ही इतकेंच म्हणूं कीं पुस्तक उभें असतें, दार उभें असतें आणि माणूसही उभाच असतो. पाहणाऱ्यास अडचण पडल्याचें ऐकिवांत नाहीं. उलट, आपल्या पोथ्या मात्र आडव्या. ताडपत्राची पट्टी लांबट, म्हणून पोथी लांबट. पुढें कागद आला, शिळाप्रेस आला, तरी कित्येक वर्षें पोथ्या त्याच आडव्या आकारांत छापल्या जात. आकार कोठून तरी येतो आणि संवयीनें टिकतो. त्यांत फार मोठें तत्त्व शोधूं नये.

आतां लहान संचांकडे वळूं. त्यांच्यावर आमचा जीव आहे हें लपवीत नाहीं.

मुंबईच्या वरळी येथील दूरदर्शन केंद्राचें उद्घाटन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं झालें. त्या काळीं संच ठेवण्यास टपालकचेरींतून परवाना काढावा लागे; ती अट १९८५ च्या सुमारास गेली. मानखुर्दच्या विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आपल्या शेजारच्या टेकडीपलीकडे तुर्भ्यास जें अणुशक्तीचें संशोधनकेंद्र आहे, तेथील इलेक्ट्रॉनिक्स विभागाचे प्रमुख ए. एस. राव यांच्या पुढाकारानें १९६७ सालीं हैदराबादेस इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी उभी राहिली. आणि अणुभट्ट्यांचीं यंत्रें करणाऱ्या त्या कंपनीनेंच पुढें 'ईसी टीव्ही' या नांवानें घरोघर दिसणारे संच काढले. त्या वेळचा संच म्हणजे लांकडी कपाटच. त्यास सरकतीं दारें असत व दारांस कुलूप असे. कार्यक्रम संपला कीं दारें बंद. हें कुलूप कोणी काढून टाकलें, हा प्रश्न आम्ही आमच्या मनास पुष्कळदां विचारतों.

आमच्या बालपणीं मानखुर्द हें हार्बर मार्गावरचें शेवटचें स्थानक होतें. वाशीकडे गाडी जाऊं लागली ती १९९२ सालीं. १९८७ सालीं रविवारीं सकाळीं 'रामायण' लागूं लागलें. त्याच वेळीं आम्ही उपासनेस निघालेले असूं. रस्त्यावर चिटपाखरूं नसे. प्रत्येक चाळींतल्या एकाच खोलीपुढें चपलांचा ढीग दिसे आणि आंतून एकच आवाज ऐकूं येई. आमच्या घरीं संच नव्हता. तो नंतर वडिलांनीं घेतला. १४ इंची, कृष्णधवल, वर उचलण्यासाठीं मूठ, पाठीमागें लांबविण्याची धातूची कांडी आणि पुढें खट् खट् वाजत फिरणारें बटण.

आमची आजी तेव्हां बाजेवरून उठत नसे. ती नगर जिल्ह्यांतली, जन्म शेतींत गेलेला. रोज संध्याकाळीं वडील कामावरून आले कीं मुठीला धरून संच उचलीत आणि आजीच्या बाजेपाशीं स्टुलावर नेऊन ठेवीत. 'आमची माती आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला कीं आजी कोपरावर टेकून बसे. पडद्यावरचे तज्ज्ञ बाजरीविषयीं कांहीं सांगूं लागले कीं ती त्यांस मध्येंच तोडी. "अरे, पाऊस कुठला एवढा आमच्याकडे!" असें ती चष्म्याआडून त्या पेटीस सुनावी. आम्ही भावंडें बाजेभोंवतीं फरशीवर. चित्र हललें कीं धाकट्यानें कांडी धरून उभें राहावयाचें, हा नियम. पडदा पुरता एक फूट रुंद नव्हता, आणि पाहणारीं माणसें सहा.

लहान संचाचें खरें भूषण आम्हीं तेथें पाहिलें. जें माणूस उठून संचापाशीं जाऊं शकत नाहीं, त्याच्यापाशीं संच जाऊं शके.

लहान संच तयार करण्याची हौस जगांत पुष्कळ जुनी आहे. १९६० सालीं जपानच्या सोनी कंपनीनें ट्रान्झिस्टरवर चालणारा ८ इंची संच काढला. १९७७ सालीं इंग्लंडांत सिंक्लेअर यांनीं २ इंची पडद्याचा संच विकावयास आणला. पोस्टाच्या पाकिटापेक्षांही लहान चित्र! पुढें आपल्याकडे साडेपांच इंची, रेडिओ जोडलेले, बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारे संच क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या बाजारांतून व आखातांतून येणाऱ्या मंडळींच्या पेट्यांतून घरोघर आले. टपरीवाले, रखवालदार, रात्रपाळीचे कामगार यांचे ते सोबती झाले. अशा संचाचें आकर्षण कां वाटतें? चित्र तर त्यांत धड दिसत नाहीं. आमच्या मतें त्याचें कारण असें, कीं मोठा संच घराचा असतो आणि लहान संच आपला असतो. लहान मुलास मोठ्या कपाटापेक्षां खाऊचा डबा प्रिय असतो, तसेंच हें. हातांत मावणाऱ्या वस्तूवर माणसाचा जीव जडतो.

त्या संचांचे दिवस संपले. ३१ ऑक्टोबर १९१२ नव्हे, २०१२ (शंभर वर्षें जुनी वाटावी अशी ती गोष्ट झाली आहे), त्या रात्रीं मुंबईंत जुन्या पद्धतीची केबल बंद झाली व प्रत्येक संचास निराळें खोकें जोडणें भाग पडलें; पुढें दूरदर्शनचीं जुन्या पद्धतीचीं बहुतेक प्रक्षेपण-केंद्रेंही थांबलीं. मूठ राहिली, कांडी राहिली, पण उचलून नेण्यांत अर्थ राहिला नाहीं. खोकें व तार सोडून तो संच कोठें जाणार? त्याची जागा कोणीं घेतली हें सांगावयास नको. आपल्या प्रत्येकाच्या खिशांत आज सहा-साडेसहा इंची पडदा आहे.

येथें आमच्या मनांत एक खंत आहे. वडील संच उचलीत तो आजीकडे नेण्यासाठीं. आज मूल फोन उचलतें तें माळ्यावर, जिन्यांत, पांघरुणाखालीं नेण्यासाठीं. दोन्ही यंत्रें हातांत नेण्याजोगींच, पण एक दुसऱ्याकडे जाई व दुसरें दुसऱ्यापासून दूर जातें. एका दहा फुटांच्या खोलींत चार माणसें चार पडद्यांकडे पाहत बसलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत, आणि भिंतीवरचा मोठा रुंद संच कोणी पाहत नसतां बोलत होता. मौज पाहा, फोनवर मुलें जीं लहान चित्रें पाहतात तीं उभीं, नवास सोळा प्रमाणाचीं. तीं भिंतीवरच्या रुंद पडद्यावर लावलीं तर पडद्याचा तिसरा हिस्साही भरत नाहीं. २५६ भागांपैकीं ८१. रुंदीसाठीं एवढा अट्टाहास केला आणि पुढची पिढी उभी राहिली!

तरीही फोन नको, संच नको, असें आम्ही म्हणत नाहीं. २०२० सालीं शाळा बंद झाल्या तेव्हांचे दिवस आम्ही विसरलों नाहीं. आमच्या वर्गांतल्या कित्येक घरांत फोन एकच होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जाई. त्या जुलै महिन्यांत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठीं 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. ज्या घरांत जुना कां होईना, पण संच होता, तेथें भावंडें आपापल्या इयत्तेच्या वेळीं त्याच्यापुढें पाट मांडून बसलीं, आणि स्वयंपाक करतां करतां आईनेंही तें ऐकलें. एका मातेनें आम्हांस सांगितलें कीं अपूर्णांक ही काय चीज आहे हें तिला त्या वर्षीं कळलें.

आतां त्या पालकांच्या प्रश्नाकडे येऊं. आपल्या भागांतील बहुतेकांचें घर केवढें आहे? लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत रेल्वेच्या कडेच्या झोपड्यांतून आणलेल्या कुटुंबांस या शतकाच्या आरंभीं ज्या खोल्या मिळाल्या त्या २२५ चौरस फुटांच्या. म्हणजे समचौरस धरल्यास पंधरा फूट बाय पंधरा फूट, आणि त्यांतच ओटा व मोरी. एका भिंतीस दार, एकीस खिडकी, एकीस ओटा व फळ्या. उरली एक भिंत. पंचावन्न इंची पडद्याची रुंदी ४८ इंच, म्हणजे चार फूट. त्रेचाळीस इंचीची साडेसदतीस इंच. बत्तीस इंचीची अठ्ठावीस इंच. मुलाच्या अभ्यासाच्या टेबलास निदान तीन फूट लागतात. "टेबल संचाच्या खालीं ठेवूं," असें पुष्कळजण म्हणतात. ठेवतांही येतें. मात्र मग मूल अभ्यासास बसलें कीं घरांतल्या साऱ्यांच्या नजरा त्याच्या डोक्यावरून पलीकडे लागलेल्या असतात आणि मध्यें मध्यें "डोकें खालीं कर" असें त्यास सांगण्यांत येतें. ही ओळ आम्हीं कल्पनेनें लिहिलेली नाहीं. ती एका विद्यार्थ्याच्या 'माझें घर' या निबंधांत आम्हीं वाचली, आणि त्या वाक्याखालीं कोणता शेरा लिहावा हें आम्हांस बराच वेळ सुचलें नाहीं.

म्हणून आमचें उत्तर असें. आधीं फीत घ्या आणि भिंत मोजा. टेबलाची जागा खडूनें आंखा. ती सोडून जी जागा उरेल त्यांत जो बसेल तो संच. रोख पैशांत येत असेल तर उत्तम. हप्त्यावरच घ्यावयाचा असेल तर एक माप खालचा घ्या. आणि घरीं आल्यावर चित्र ताणण्याची जी सोय असते ती पहिल्याच दिवशीं बंद करून ठेवा.

डिसेंबरांत ते गृहस्थ पुन्हां भेटले. बत्तीस इंची घेतला होता. मुलगा आठ दिवस रुसला होता म्हणे. तो आमच्याच वर्गांत आहे.

आमच्या वडिलांचा १४ इंची संच अजून आहे. मंडाळ्याच्या भंगारबाजारांतला एक व्यापारी त्याचे थोडे पैसे देत होता. आम्हीं दिला नाहीं. नळीच्या कांचेंत शिसें असतें, आणि अशा नळ्या फोडून आंतलें तांबें काढण्याचें काम हातांनीं करणारीं माणसें आपल्याच वस्तींत राहतात, हें आम्ही जाणतों. असा कचरा नोंदलेल्या संस्थेकडेच द्यावा असा सरकारी नियम २०१२ पासून अमलांत आहे. तूर्त तो संच शाळेच्या विज्ञानाच्या खोलींत, कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. त्यावर 'आंत विद्युद्भार असूं शकतो, उघडूं नये' अशी चिठ्ठी आम्हीं चिकटविली आहे. मधल्या सुटींत तो रुसलेला मुलगा स्टुलावर चढतो आणि समोरचें बटण फिरवून पाहतो. चित्र येत नाहीं. खट् खट् आवाज मात्र अजून येतो.